जळून की जाळून? गुन्ह्याच्या बातमीतले शब्द कसे तपासावेत

‘विवाहितेचा जळून मृत्यू’ आणि ‘विवाहितेला जाळून मारले’. जळून आणि जाळून यांत फरक एका कान्याचा. पण पहिल्या शीर्षकात भडकलेला स्टोव्ह दिसतो, दुसऱ्यात काडी ओढणारा हात. मराठीत अशा जोड्या पुष्कळ आहेत: मरणे-मारणे, पडणे-पाडणे, बुडणे-बुडवणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे. जोडीतला पहिला शब्द घेतला की कृत्य आपोआप घडल्यासारखे वाटते. हिंसक गुन्ह्याची बातमी मवाळ होते ती बहुतेक वेळा इथूनच, आणि तसे कोणाच्या मनात नसताना. पान सोडायला वीस मिनिटे उरलेली असतात, प्रेस नोट समोर असते आणि हात सवयीने चालतो.

हे टिपण नाशिक शहर आणि जिल्ह्यातले गुन्हे वार्ताहर, डेस्कवरचे उपसंपादक आणि मोबाइलवर बातम्यांचे पोर्टल चालवणारे यांच्यासाठी आहे. कलमांचे आकडे भारतीय न्याय संहितेचे आहेत. १ जुलै २०२४ पासूनचे गुन्हे या संहितेखाली येतात, त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी भादंवि, म्हणजे भारतीय दंड विधान, लागते. जुन्या खटल्याच्या निकालाची बातमी लिहिताना हा गोंधळ हमखास होतो.

शंका कुठे ठेवायची

गुन्ह्याच्या बातमीत दोन गोष्टी वेगळ्या असतात: काय झाले आणि ते कोणी केले. मानेवरची जखम, पोटातले वार, फुटलेले डोके या गोष्टी पंचनाम्यात आणि डॉक्टरांच्या नोंदीत आलेल्या असतात. त्या कोणी केल्या हे न्यायालय ठरवते. त्यामुळे ‘संशयित’, ‘फिर्यादीनुसार’, ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द करणाऱ्याला लावायचे असतात, कृत्याला नाही. तरुण गळ्याला बारा टाके घालून जिल्हा रुग्णालयात पडलेला असताना ‘हल्ला झाल्याचे समजते’ असे लिहिणे चूक आहे. हल्ला झालेला आहे. समजायचा राहिला असेल तर हल्लेखोर.

मवाळ बातमी नेमके उलटे करते. कृत्याबद्दल कचरते आणि संशयिताच्या मनात काय होते ते मात्र ठामपणे सांगते: ‘रागाच्या भरात’, ‘प्रेमातून’. त्याच्या मनात काय होते हे आपल्याला सर्वांत कमी ठाऊक असते.

लैंगिक गुन्ह्यात कृत्यच वादात असू शकते, तिथे ‘फिर्यादीत म्हटल्यानुसार’ एकदा लिहिणे योग्य आहे. प्रत्येक वाक्यात नको. आणि ‘तिने आरोप केला’ असे लिहिण्याआधी एक आठवावे: दुकान फोडल्याची फिर्याद देणाऱ्या व्यापाऱ्याने ‘चोरी झाल्याचा आरोप केला’ असे आपण कधीच लिहीत नाही. त्याने फिर्याद दिलेली असते. तिनेही फिर्यादच दिलेली आहे.

आधी फिर्याद, मग प्रेस नोट

प्रेस नोट हे फिर्यादीचे सार असते आणि सार काढताना तपशील गळतात. म्हणून शक्य तिथे एफआयआरची प्रत पाहावी. सप्टेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायचे असतात. लैंगिक गुन्हे आणि पॉक्सो (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) यांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळलेली आहेत. फिर्यादीला प्रत विनामूल्य मिळते, तोही एक मार्ग आहे. प्रत हातात आली की पाच गोष्टी वेगळ्या कागदावर उतरवून घ्याव्यात: कलमे, वेळ आणि जागा, हत्यार, शरीरावर जखमा कुठे आणि किती, आणि आधी काही तक्रार होती का.

पाचवी गोष्ट विचारायची राहून जाते आणि खरी बातमी बऱ्याचदा तिथेच असते. ठाणे अंमलदाराला थेट विचारावे: ‘या दोघांची आधी एनसी आहे का? केव्हाची?’ एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, जिच्यावर पोलिस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करू शकत नाहीत.

फिर्यादीची भाषा मात्र जशीच्या तशी उचलू नये. ‘मागील भांडणाची कुरापत काढून’, ‘लाथाबुक्क्यांनी’, ‘मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य’ हे ठाण्यातले साचे आहेत. कलमाच्या व्याख्येत बसावे म्हणून ते तसे लिहावे लागतात. ‘मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य’ यातून वाचकाला काहीच कळत नाही, आणि लाज पुन्हा तिच्याच मनात ठेवली जाते. फिर्यादीत त्याच ओळीखाली बहुधा साधी हकिगत असते: हात पिरगाळून रिक्षात ओढले, ओढणी खेचली, जिन्यात वाट अडवली. ती हकिगत घ्यावी.

क्रियापदाची चाचणी

बातमी लिहून झाली की फक्त क्रियापदांखाली रेघ ओढा. प्रत्येकाला विचारा: हे कोणी केले ते वाक्यात आहे का?

‘गोळी सुटली’ की ‘गोळी झाडली’? बंदूक साफ करताना सुटली असेल तर पहिले बरोबर. पाठीत लागली असेल आणि १०९ कलम, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लागले असेल तर दुसरे. ‘चाकू लागला’ की ‘चाकू मारला’? ‘गच्चीवरून पडून’ की ‘ढकलून’? अजून माहीत नसेल तर ‘गच्चीवरून पडलेल्या तरुणाचा मृत्यू, कसा पडला याचा तपास सुरू’ असे लिहावे. ही प्रामाणिक अनिश्चितता आहे. नुसते ‘पडून मृत्यू’ लिहिले तर आपण निर्णय देऊन मोकळे झालो, हे लक्षात येत नाही.

‘करण्यात आला’ ही रचना सरसकट वाईट नाही. हल्लेखोर अज्ञात असतील तेव्हा तीच योग्य. अटक झाली, नावे आली, कलमे लागली, तरी तिसऱ्या दिवशी ‘खून करण्यात आला’ चालूच राहतो तेव्हा ती सवय असते. त्या टप्प्यावर ‘…याचा खून केल्याच्या संशयावरून तिघांना अटक’ असे लिहिले की कायदाही सांभाळला जातो आणि माणसेही वाक्यात येतात.

‘हाणामारी’, ‘राडा’, ‘दोन गट भिडले’ हे दुतर्फी शब्द आहेत. सहा जणांनी एकाला गाठून दांडक्याने मारले असेल तर ती हाणामारी नव्हे. शब्द वापरण्याआधी दोन्हीकडचे जखमी मोजा. परस्परविरोधी फिर्यादी असतील तर दोन्ही लिहा, पण कोणाला किती टाके पडले तेही लिहा.

वाहनाच्या बातमीत ‘भरधाव कारने उडवले’ असे सर्रास येते. कार चालवणारा माणूस दुसऱ्या परिच्छेदात तरी यायलाच हवा.

‘-तून’ आणि ‘-ल्याने’

या दोन प्रत्ययांवर थोडे थांबायला हवे, कारण नुकसान सर्वांत जास्त यांनीच होते.

वादातून खून. प्रेमातून हल्ला. संशयातून वार. ‘-तून’ लावला की वाद, प्रेम, संशय हेच कर्ते होतात, विहिरीतून पाणी यावे तसा वादातून खून बाहेर येतो. माणूस वाक्यात असूनही मागे सरकतो. बरे, वाद रोज हजार घरांत होतात. त्यातल्या एका घरात कोणीतरी कोयता उचलला, ही बातमी आहे.

‘-ल्याने’ त्याहून वाईट. ‘नकार दिल्याने तरुणीवर वार.’ ‘जेवण वेळेवर न दिल्याने पत्नीचा खून.’ ‘दारूला पैसे न दिल्याने आईला मारहाण.’ तिन्ही वाक्यांत कारण म्हणून मांडले गेले ते मार खाणारीचे वागणे. तिने नकार दिला नसता तर, जेवण दिले असते तर, हा विचार वाचकाच्या मनात व्याकरणच पेरते. इलाज सोपा आहे. ‘-ल्याने’ काढा, ‘-ल्यानंतर’ घाला. ‘नकार दिल्यानंतर’ फक्त क्रम सांगते, कारण सांगत नाही. त्याहून चांगले म्हणजे मागणी कोणाची होती ते सांगणे: ‘दारूसाठी पैसे मागत आईला मारहाण, मुलगा अटकेत.’ आता कर्ता बदलला.

कारण लिहायचेच तर ते कोणाच्या तोंडचे आहे ते जोडा. ‘चारित्र्याच्या संशयावरून’ हे जवळजवळ नेहमी संशयिताचे म्हणणे असते. जी गेली ती उत्तर द्यायला नाही. शीर्षकात ते घालू नये. मजकुरात ‘संशयिताने चौकशीत तसे सांगितल्याचे पोलिसांनी नमूद केले’ असे लिहिता येते, आणि तिच्या माहेरचे म्हणणे त्याच परिच्छेदात हवे. ‘अनैतिक संबंध’ हा तर वार्ताहराने दिलेला निकाल आहे, तो कुठेच नको.

‘किरकोळ कारणावरून’ हा शब्दप्रयोग जिल्ह्याच्या पानांवर इतका रुळला आहे की खटकतसुद्धा नाही. त्याऐवजी कारणच लिहा: धक्का लागला, गाडी लावण्यावरून बोलाचाली झाली, उसने पाचशे रुपये मागितले. पाचशे रुपये वाचकाला दिसले की किरकोळ म्हणायची गरज उरत नाही.

जमावाच्या हिंसेत ‘गैरसमजातून’ आणि ‘रोष’ हे दोन शब्द तपासा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना मुले पळवणारे ठरवून जमावाने मारून टाकले. ‘गैरसमजातून पाच जणांचा बळी’ असे म्हटले की गैरसमज खुनी ठरतो आणि दगड उचलणारे हात सुटतात. ‘जमावाचा रोष’ म्हणजे तर रागाला रास्त कारण होते अशी कबुलीच. जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला तर आता १०३ (२) हे स्वतंत्र पोटकलम आहे. ते लागले का, हे विचारावे.

‘ऑनर किलिंग’मधला ऑनरही काढावा, आणि त्याचे मराठी ‘प्रतिष्ठेसाठी’सुद्धा. नाशिकमध्ये २०१३ साली आंतरजातीय विवाह केलेल्या गरोदर मुलीचा वडिलांनी खून केला. त्यामागचा जातपंचायतीचा दबाव पुढे आला, अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीविरुद्ध मोहीम उघडली आणि पुढे महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा झाला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. बापाच्या संतापापाशी बातम्या थांबल्या असत्या तर पंचायत उजेडात आली नसती. अशा बातमीत म्हणूनच विचारायचे: लग्नानंतर धमक्या कोणी दिल्या, बैठक कुठे बसली, दंड मागितला का.

नामांचे वजन

‘प्रकार’. गुन्हे पानावर सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत निरुपयोगी शब्द. ‘बलात्काराचा प्रकार उघडकीस’, ‘खुनाचा धक्कादायक प्रकार’. प्रत्येक ‘प्रकार’ खोडून वाक्य वाचा. दहांत नऊ वेळा वाक्य तसेच उभे राहते आणि थेट होते.

‘अतिप्रसंग’, ‘कुकर्म’, ‘अब्रू लुटली’: तिन्ही टाकून द्यावेत. अतिप्रसंग म्हणजे मर्यादेपलीकडे जाणे. बलात्काराला तो शब्द लावणे म्हणजे थोडे जास्त झाले म्हणण्यासारखे. अब्रू लुटली म्हटले की ती गमावली असा अर्थ निघतो, आणि गमावणारी ती. ‘अत्याचार’ हा शब्द रुळलेला असला तरी धूसर आहे. मारहाण, बलात्कार आणि ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा या तिन्हींना तो चालतो. बलात्काराचे कलम, म्हणजे ६४ किंवा त्यापुढचे, लागले असेल तर बलात्कार हाच शब्द वापरावा. पॉक्सोमध्ये ‘लैंगिक अत्याचार’ चालेल. अठरा वर्षांखालच्या मुलीबाबत ‘शारीरिक संबंध ठेवले’ हे लिहूच नये. कायद्यात तिच्या संमतीला अर्थ नाही, मग संबंध कसले?

‘लग्नाचे आमिष दाखवून’ असे असेल तर कलम नीट पाहा. लग्न करण्याचा हेतू नसताना वचन देऊन संबंध ठेवणे हा आता ६९ कलमाखालचा वेगळा गुन्हा आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत, आणि कायदा त्याला बलात्कार म्हणत नाही. इथे वजन वाढवणेही चूकच.

‘छेडछाड’ हा खेळकर शब्द आहे. त्याखाली चार वेगवेगळे गुन्हे दडतात: विनयभंग (७४), लैंगिक छळ (७५), चोरून पाहणे वा चित्रीकरण (७७), पाठलाग (७८). कलमाचे नाव एकदा मजकुरात द्यावे, शीर्षकात कृत्य द्यावे. ‘विनयभंग’ हासुद्धा कलमाचा शब्द म्हणूनच घ्यावा. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या साचेबंद भाषेवर न्यायाधीश व वकिलांसाठी पुस्तिका काढली, ती डेस्कवर ठेवण्याजोगी आहे.

‘किरकोळ जखमी’ लिहिताना फार सैलपणा होतो. ११६ कलमातली गंभीर दुखापतीची व्याख्या पाठ असावी. हाड मोडणे किंवा निखळणे तर आहेच, पण दात तुटणेही त्यात आहे, आणि पंधरा दिवस तीव्र वेदना होणे वा रोजची कामे करता न येणे हेही. जुन्या कायद्यात हे दिवस वीस होते. समोरचे दोन दात पाडलेल्या माणसाला ‘किरकोळ जखमी’ लिहिणे हे कायद्याच्या लेखीही चुकीचे. शंका असेल तर ‘गंभीर’ आणि ‘किरकोळ’ दोन्ही टाळून जखम लिहावी: ‘डाव्या हाताचे हाड मोडले’.

‘मारहाण’ही अशीच. कोयत्याने डोक्यावर वार आणि १०९ कलम असताना ती मारहाण उरत नाही.

‘टवाळखोर’ हा शब्द कट्ट्यावर बसून शेरे मारणाऱ्यांसाठी आहे. रात्री कोयते नाचवत वसाहतीतल्या गाड्या फोडणाऱ्यांना तो लावला की लोकांची भीती खोटी ठरते. ‘माथेफिरू’ दुहेरी नुकसान करतो: गुन्हा वेडाच्या खात्यावर जातो आणि मानसिक आजार असलेल्या निरपराध माणसांवर डाग पडतो. वैद्यकीय नोंद हाती नसेल तर मनोरुग्ण हा शब्द नको.

एक बातमी उलगडून

खालची बातमी नमुना म्हणून रचलेली आहे. तिच्यातला प्रत्येक शब्दप्रयोग मात्र रोज छापून येतो.

‘प्रेमप्रकरणातून युवतीवर चाकूहल्ला. सिडको परिसरात एकतर्फी प्रेमातून युवतीवर चाकूहल्ल्याचा प्रकार मंगळवारी सायंकाळी घडला. काही महिन्यांपासून दोघांत वाद होते. युवती कामावरून परतत असताना दोघांत शाब्दिक चकमक उडाली व त्याचे पर्यवसान हल्ल्यात झाले. रागाच्या भरात युवकाने जवळील चाकूने वार केल्याने युवती जखमी झाली. हुशार असलेल्या युवकाने टोकाचे पाऊल उचलल्याने परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.’

आता फिर्यादीतले तपशील समजा असे आहेत: तीन महिने तो तिच्या मागे होता. तिने दोनदा स्पष्ट नकार दिला. बारा दिवसांपूर्वी ती ठाण्यात गेली, तिथे अदखलपात्र नोंद झाली. मंगळवारी तो बसथांब्यावर चाकू घेऊन तासभर उभा होता. मान, दंड, पोट असे तीन वार. ती अतिदक्षता विभागात आहे.

शब्द एकेक करून पाहा. ‘प्रेमप्रकरण’: प्रकरणच नव्हते, तिने नकार दिला होता. ‘दोघांत वाद’: वाद नव्हता, पाठलाग होता. ‘शाब्दिक चकमक’ आणि ‘पर्यवसान’: जणू बोलता बोलता हात उठला. ‘रागाच्या भरात’: तासभर वाट पाहणारा माणूस भरात नसतो. ‘जवळील चाकू’: चाकू जवळ कसा आला? तो आणला होता. ‘जखमी झाली’: कुठे, किती? ‘हुशार’, ‘हळहळ’: बातमीत एका माणसाच्या भविष्याबद्दल दुःख आहे आणि तो माणूस ती नाही.

सर्वांत मोठे नुकसान ‘दोघांत वाद होते’ या तीन शब्दांनी केले. पाठलाग हा पहिल्या खेपेलाही दखलपात्र गुन्हा आहे. मग बारा दिवसांपूर्वी अदखलपात्र नोंद का झाली? हा प्रश्न विचारण्याची जागाच त्या तीन शब्दांनी बुजवली. दुरुस्त मजकूर असा:

‘पाठलागाच्या तक्रारीनंतर बाराव्या दिवशी तरुणीवर चाकूने वार. सिडकोत कामावरून परतणाऱ्या २२ वर्षांच्या तरुणीवर मंगळवारी सायंकाळी बसथांब्याजवळ चाकूने तीन वार करण्यात आले. मान, दंड आणि पोटावर जखमा असून ती अतिदक्षता विभागात आहे. पोलिसांनी २५ वर्षांच्या संशयिताला अटक केली. त्याच्यावर खुनाचा प्रयत्न आणि पाठलाग या कलमांखाली गुन्हा दाखल झाला आहे. तो तीन महिन्यांपासून पाठलाग करत होता, तिने दोनदा नकार दिला होता आणि मंगळवारी तो थांब्यावर तासभर उभा होता, असे फिर्यादीत म्हटले आहे. याच तरुणाविरुद्ध तिने बारा दिवसांपूर्वी तक्रार दिली होती. ती अदखलपात्र म्हणून नोंदवण्यात आली होती. पाठलाग दखलपात्र असताना तशी नोंद का झाली, यावर वरिष्ठ निरीक्षकांनी…’ आणि पुढे त्यांचे म्हणणे. लांबी वाढली, पण तपशील तिप्पट.

दुसऱ्या टोकाची चूक

मवाळपणावर उतारा म्हणून मसाला घातला की बातमी पुन्हा तिथेच येते. ‘सपासप वार’, ‘रक्तरंजित थरार’, ‘गेम केला’, ‘काटा काढला’. थरार हा प्रेक्षकाचा अनुभव आहे, मरणाऱ्याचा नव्हे. ‘काटा काढला’मध्ये तर मेलेला माणूस काटा ठरतो. टोळीतल्या पोरांची टोपणनावे शीर्षकात दिली की तीच कात्रणे रील होऊन फिरतात. एफआयआरमधले ‘ऊर्फ’ ओळख पटवण्यासाठी लागत असेल तर मजकुरात एकदा द्यावे, बस्स. हातात कोयता घेतलेला संशयिताचा त्याच्याच खात्यावरचा फोटो वापरू नये, पीडित स्त्रीचा हसरा फोटो तर त्याहून नको.

घरातले मृत्यू

विवाहितेचा मृत्यू झाला की ठाण्यात पहिली नोंद बहुधा अकस्मात मृत्यूची होते. त्या नोंदीवरून ‘आत्महत्या’ असे शीर्षक करू नये. शवविच्छेदनाआधी ‘विवाहितेचा संशयास्पद मृत्यू’ इतकेच खरे असते. पहिला प्रश्न: लग्नाला किती वर्षे झाली? सात वर्षांच्या आत असेल तर दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी आवश्यक ठरते आणि हुंड्याची मागणी व छळ पुढे आल्यास ८० कलम लागू शकते, त्याची शिक्षा किमान सात वर्षे.

‘सासरच्या जाचाला कंटाळून’ हे वाक्य आता निवृत्त करावे. कंटाळा दुपारच्या तासाचा येतो. छळ झाला असेल तर काय झाले ते लिहा: उपाशी ठेवणे, माहेरहून दोन लाख आणण्यासाठी मारहाण, फोन काढून घेणे. मात्र आत्महत्येची पद्धत, साधन आणि चिठ्ठीचा मजकूर देऊ नये. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात. छळाचा तपशील लिहायचा, मरणाचा नाही. शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यावा, आणि कौटुंबिक हिंसेच्या बातमीत महिला हेल्पलाइनचा १८१.

ओळख आणि कृत्य

बलात्कारातल्या पीडितेची ओळख उघड करणे हा ७२ कलमाखाली गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ती मरण पावली असली तरी ओळख देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. पॉक्सोचे २३ कलम मुलाचे नाव, पत्ता, फोटो, शाळा, शेजार, कुटुंब यांपैकी काहीही देऊ देत नाही. गुन्हा अल्पवयीनाने केला असेल तर बाल न्याय कायद्याचे ७४ कलम त्याची ओळख झाकते. अशा वेळी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ लिहावे.

चूक होते ती लहान गावात. ‘सुरगाणा तालुक्यातील आश्रमशाळेतील आठवीची मुलगी’ एवढे वाचून आख्ख्या पाड्याला कळते. शाळेचा प्रकार, इयत्ता आणि गाव, तिन्ही काढा. संशयित बाप किंवा मामा असेल तर नाव किंवा नाते, दोन्हींपैकी एकच द्या. नाते ठेवावे, नाव गाळावे, कारण गुन्हा कुठून आला हे नाते सांगते.

ओळख झाकायची म्हणून कृत्यही झाकले जाते, हा गोंधळ मात्र टाळायला हवा. ‘एका मुलीसोबत गैरप्रकार’ लिहिल्याने तिचे संरक्षण होत नाही. ते नाव, गाव, शाळा गाळल्याने होते.

डेस्कवरची व्यवस्था

पेठ, इगतपुरी, निफाडकडून वार्ताहराची बातमी व्हॉट्सॲपवर चार ओळींत येते. त्यांना एक कायमचा संदेश देऊन ठेवावा: कोणी, कोणाला, कशाने, शरीरावर कुठे, किती वार, उपचार कुठे, कलमे, आधीची तक्रार, कारण कोण सांगते. नऊ उत्तरे आली की बातमी डेस्कवर उभी राहते.

पान लावण्याआधी मजकुरात हे तुकडे शोधावेत: ‘प्रकार’, ‘तून’, ‘ल्याने’, ‘किरकोळ’, ‘भरात’, ‘टोकाचे’, ‘हळहळ’. युनिकोड नसलेल्या फाँटात बदललेल्या मजकुरात हा शोध लागत नाही, म्हणून रूपांतराआधीच्या प्रतीत शोधा. ‘तून’ला ‘सातपूरमधून’सारखे निरुपद्रवी शब्दही सापडतील, ते सोडून द्यावेत.

शीर्षक वेगळे तपासावे, कारण दोन कॉलमांत चार-पाच शब्दच मावतात आणि जागेअभावी पहिला बळी कर्त्याचा जातो. कारण कापा, विशेषण कापा, जागा कापा. कर्ता, कृत्य आणि हत्यार राहू द्या.

पोलिसांकडून वा संशयिताच्या वकिलाकडून फोन आला तर एफआयआर क्रमांक, कलमे आणि ‘फिर्यादीनुसार’ लिहिलेली वाक्ये समोर ठेवावीत. अब्रुनुकसानीचा धोका असतो तो ‘सराईत’, ‘नराधम’, ‘विकृत’ अशा विशेषणांत. आधीचे गुन्हे नोंदवलेले असतील तर ‘सराईत’ऐवजी त्यांची संख्या लिहावी.

अटकेनंतर न्यायालयाने पहिली कोठडी दिली ती तारीख डायरीत लिहून तिथून साठ आणि नव्वद दिवस मोजावेत. खून, बलात्कार, खुनाचा प्रयत्न अशा गुन्ह्यांत नव्वद दिवसांत आणि इतरत्र साठ दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर कोठडीतला संशयित जामिनाला हक्कदार ठरतो. त्या दिवशी बातमी आहे. कलम वाढले किंवा घटले, सदोष मनुष्यवधाचे खून झाले, तर संकेतस्थळावरची जुनी बातमीही बदलावी आणि वर दुरुस्तीची तारीख टाकावी. नुसते शीर्षक बदलून भागत नाही. दुव्यातले शब्द आणि व्हॉट्सॲपवर दिसणारे छोटे चित्र जुनेच राहते, तेही बदलून घ्यावे लागते.